घाटावर एक, घाटाखाली दुसरं: साथीचे आजार जनुकं ठरवतात की गाव?

कुठेही साथ आली की दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘आपल्या भागातल्या लोकांच्या रक्तातच ताकद आहे, आपल्याला काही होत नाही.’ कधी तो उलटाही असतो. ‘हा आजार त्या समाजाचाच आहे, त्यांच्या घराण्यातच असतो.’ दोन्ही मेसेज एकच गोष्ट गृहीत धरतात. आजार कोणाला होणार हे जन्मतःच ठरलेलं असतं.

यात तथ्य किती? थोडं आहे. काही ठिकाणी बरंच आहे. पण ते मेसेज पाठवणाऱ्यांना वाटतं त्या जागी नाही.

थोडक्यात

• आई-वडिलांकडून आलेली काही जनुकं संसर्गाशी लढायला मदत करतात, काही अडचणीची ठरतात. हे विज्ञानाने सिद्ध झालेलं आहे.
• महाराष्ट्रातलं सर्वात ठळक उदाहरण सिकलसेलचं आहे. विदर्भ आणि सातपुड्यातल्या काही समाजांत हे जनुक जास्त आढळतं, आणि त्याचा संबंध मलेरियाशी आहे.
• कुष्ठरोग आणि कोविडमध्ये जनुकांचा वाटा आहे, पण जिल्ह्याजिल्ह्यातला फरक त्यावरून सांगता येत नाही.
• पाणी, डास, आहार, घराची दाटी आणि दवाखान्याचं अंतर यांचा परिणाम बहुतेक वेळा जास्त असतो.

एकाच जिल्ह्यात एवढा फरक कसा?

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस गावाची ओळख सांगताना ‘घाटावर’ किंवा ‘घाटाखाली’ असं सांगतो. बुलढाणा तालुक्यातलं पैनगंगेकाठचं देऊळघाट घाटावरचं गाव. तिथून उत्तरेला निघालं की अजिंठ्याची रांग उतरून पूर्णा नदीचं सपाट खोरं लागतं. शेगाव, नांदुरा, मलकापूर हा घाटाखालचा भाग. या खोऱ्यातला मोठा पट्टा ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो, कारण इथल्या भूजलात क्षार जास्त आहेत. आणखी उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुके थेट सातपुड्याला टेकतात. तिथे भिल्ल, कोरकू, निहाल अशा आदिवासी समाजांच्या वस्त्या आहेत.

म्हणजे एकाच जिल्ह्यात माती बदलते, पाणी बदलतं, उंची बदलते, डासांना मिळणारी जागा बदलते. आणि लोकही बदलतात, म्हणजे त्यांच्यात वारशाने आलेली जनुकंही काही प्रमाणात बदलतात.

इथेच गोंधळ होतो. दोन भागांत आजाराचं प्रमाण वेगळं दिसलं, तर तो फरक लोकांचा की जागेचा?

हे समजण्यासाठी दोन कल्पना करून बघू. समजा, देऊळघाटच्या एकाच गल्लीत वेगवेगळ्या समाजांची दोन कुटुंबं शेजारी राहतात. त्यांची जनुकं काही बाबतीत वेगळी असतील, पण नळ एक, गटार एक, डास एक. आता समजा, त्यातल्या एका घरची मुलगी लग्न होऊन गडचिरोलीला गेली. तिची आणि माहेरच्या भावाची जनुकं खूपशी सारखीच आहेत, पण तिच्याभोवतीचं जंगल, पाऊस आणि डास वेगळे आहेत. शेजाऱ्यांना सारखेच आजार होत असतील, तर कारण जागेत शोधायला हवं. सासरी गेलेल्या मुलीला माहेरच्यांसारखेच आजार होत असतील, तर कारण वारशात असू शकतं. आजाराचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हजारो लोकांवर, आकडेवारीच्या मदतीने, साधारण हीच तुलना करतात.

जनुकं जंतूंशी लढतात म्हणजे काय करतात?

शरीरातल्या बहुतेक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे सतत बाहेरच्या पृष्ठभागावर मांडत असतात. हे तुकडे धरून ठेवणाऱ्या रेणूंना ‘एचएलए’ म्हणतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी रक्तातून फिरत हे तुकडे तपासतात. तुकडा घरचा असेल तर त्या पुढे जातात. विषाणूचा असेल तर ती पेशी नष्ट करतात.

आता मुद्दा असा, की एचएलएचे एक-दोन नव्हे, हजारो प्रकार आहेत. तुमच्याकडे आईकडून आलेला संच आहे आणि वडिलांकडून आलेला संच आहे. एखादा प्रकार एका जंतूचा तुकडा घट्ट पकडतो, दुसरा प्रकार तोच तुकडा पकडू शकत नाही. म्हणून एकच जंतू दोन माणसांत शिरला तरी एकाला साधी कणकण येते आणि दुसरा दवाखान्यात भरती होतो.

मग सगळ्यांत चांगला प्रकारच सगळ्यांकडे का नाही? कारण सगळ्याच जंतूंविरुद्ध चांगला असा एक प्रकार अस्तित्वात नाही. क्षयाविरुद्ध उपयोगी पडणारा प्रकार दुसऱ्याच जंतूपुढे दुबळा पडू शकतो. समाजात जितके जास्त प्रकार, तितकी एकाच साथीत सगळे सापडण्याची शक्यता कमी.

भारतात याला आणखी एक पदर आहे. हैदराबादची सीसीएमबी ही संस्था आणि हार्वर्ड मेडिकल स्कूल यांच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की भारतातले वेगवेगळे लोकसमूह साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते. त्यानंतर मात्र आपापल्या समूहातच लग्न करण्याची पद्धत घट्ट झाली. त्यामुळे काही जनुकं काही समाजांत साठत गेली. रक्त जातीजातीत मूळातच वेगळं होतं असं नाही. लग्नं ठरावीक वर्तुळातच होत राहिली म्हणून हा फरक पडला.

साथ खरंच जनुकं बदलते का? मुंबईच्या उंदरांना विचारा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची अनेक वर्षं तो पश्चिम भारतात ठाण मांडून बसला. माणसं मेली, तसे उंदीर त्याहून कितीतरी जास्त मेले. त्या काळात प्लेगवर काम करणाऱ्या संशोधकांना एक विचित्र गोष्ट दिसली. मुंबईतल्या उंदरांना आणि मद्रासच्या उंदरांना प्लेगचे सारखेच जंतू टोचले, तर मद्रासचे उंदीर पटापट मरत आणि मुंबईचे अनेक उंदीर वाचत. मद्रासमध्ये प्लेग फारसा पोचलाच नव्हता.

हा फरक पुढच्या पिढीतही उतरत होता. मुंबईत कमजोर उंदीर आधीच्या साथींत मरून गेले होते. जे वाचले, त्यांचीच पिल्लं जन्माला येत होती. परळच्या हाफकिन संस्थेतही पुढे उंदरांच्या या प्रतिकारशक्तीवर काम झालं.

साथ एखाद्या भागातल्या जिवांची वारशाने येणारी ताकद बदलू शकते, याचं इतकं उघड उदाहरण क्वचितच सापडतं. पण उंदीर आणि माणूस यांत एक मोठा फरक आहे. उंदरांच्या वर्षभरात कित्येक पिढ्या होतात. माणसाची एक पिढी साधारण पंचवीस वर्षांची. १८९६ पासून आजवर माणसाच्या जेमतेम पाच पिढ्या झाल्या. त्यामुळे ‘आपल्या आजोबांनी साथ झेलली म्हणून आपलं रक्त तयार झालं’ असं माणसाच्या बाबतीत सहज म्हणता येत नाही. त्यासाठी एकच आजार हजारो वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या मारत राहावा लागतो. असा एक आजार आहे. मलेरिया.

सिकलसेल: विदर्भाच्या रक्तात लिहिलेला मलेरियाचा इतिहास

काटेकोर अर्थाने सिकलसेल हे प्रतिकारशक्तीचं जनुक नाही. ते हिमोग्लोबिनचं जनुक आहे. पण वारशाने आलेली एक गोष्ट संसर्गापासून कशी वाचवते आणि त्याची किंमत कशी वसूल करते, हे समजण्यासाठी यापेक्षा पक्कं उदाहरण नाही.

अकराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात फक्त एक अक्षर बदलतं. त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की गोल, लवचिक लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. ‘सिकल’ म्हणजे कोयता. बदललेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण होतं. अशा मुलाला वारंवार रक्तक्षय, असह्य सांधेदुखी, वाढलेली प्लीहा, जंतुसंसर्ग असे त्रास होतात. एकाकडूनच आलं तर मूल ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक साधारणपणे निरोगी आयुष्य जगतो.

जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये विचार मांडला, की रक्ताचे काही आनुवंशिक आजार मलेरियाच्या प्रदेशात टिकून राहतात, कारण त्यांचे वाहक मलेरियातून वाचतात. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरमध्ये वारले. सिकलसेलबाबत हा संबंध १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिला. नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की फाल्सिपेरम जातीच्या मलेरियाचं गंभीर रूप होण्याचा धोका वाहकांमध्ये सुमारे ९० टक्क्यांपर्यंत कमी असतो. मलेरियाचा परजीवी त्यांच्या लाल पेशींत नीट वाढू शकत नाही आणि त्या पेशी शरीर लवकर काढून टाकतं.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं आणि विदर्भ नकाशावर आला. पुढे एस. एल. काटे आणि डी. पी. लिंगोजवार यांनी २००२ मध्ये महाराष्ट्राचं चित्र मांडलं. राज्यातल्या आदिवासींमध्ये सिकलसेलचं प्रमाण सरासरी १० टक्के, तर भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर अशा समाजांत ते २० ते ३५ टक्क्यांपर्यंत होतं. यात वाहक आणि रुग्ण दोन्ही आले.

नकाशा बघा. नंदुरबारचा सातपुडा, मेळघाट, गडचिरोली. डोंगर, जंगल, पाऊस आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा मलेरिया. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांमध्ये गडचिरोलीचा वाटा आजही मोठा असतो.

इथे तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, सिकलसेल हा एकाच समाजाचा आजार नाही. विदर्भात तो आदिवासींबरोबर अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो. समाजाचं नाव बघून तपासणी टाळणं किंवा करणं, दोन्ही चूक.

दुसरी, वाहकाला मलेरिया होतच नाही असं नाही. गंभीर होण्याची शक्यता कमी असते, एवढंच. मच्छरदाणी आणि रक्ततपासणी त्यालाही लागतेच. आणि एसएस रुग्णाला तर मलेरिया जास्त घातक ठरू शकतो.

तिसरी, ज्या जनुकाने एकेकाळी वाचवलं, त्याची किंमत आता मुलं मोजत आहेत. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. हे गणित दर वेळी नव्याने लागू होतं. पहिलं मूल रुग्ण आहे म्हणून दुसरं सुटेल, असं नसतं.

औषधालाही रक्त कळतं

याच पट्ट्यात आणखी एक वारसा आढळतो. जी६पीडी नावाच्या विकराची कमतरता. तिचंही नातं मलेरियाशी जोडलं जातं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास पुरुषांमध्ये जास्त दिसतो.

एरवी या लोकांना काहीच जाणवत नाही. पण व्हायव्हॅक्स मलेरिया झाला, की यकृतात लपलेले परजीवी मारायला प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस दिल्या जातात. जी६पीडी कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी या गोळ्यांनी फुटू शकतात. लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. अशी लक्षणं दिसली तर गोळ्या थांबवून लगेच आरोग्य केंद्र गाठायचं असतं. हा नियम आशाताईंपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना शिकवला जातो.

वारशाने आलेल्या जनुकांची माहिती इथे कोणाला श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवत नाही. ती एक जीव वाचवते.

रक्तगट आणि कॉलरा

स्वतःचं एक जनुक जवळपास प्रत्येकाला माहीत असतं. रक्तगट. मुंबईचं नावही या शास्त्रात कायमचं कोरलं गेलं आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मीळ रक्तगट शोधला. तो आज जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो.

रक्तगटाचा संसर्गाशी संबंध सर्वात स्पष्ट दिसतो तो कॉलऱ्यात. ओ रक्तगटाच्या माणसाला कॉलऱ्याची लागण जास्त होते असं नाही, पण झाली तर ती जास्त तीव्र होते. हेच ओ रक्तगटाचे लोक गंभीर मलेरियापासून मात्र थोडे जास्त सुरक्षित असतात. गंगेच्या मुखाजवळ, जिथे कॉलरा शतकानुशतकं मुक्कामाला आहे, तिथे ओ गटाचं प्रमाण जगाच्या मानाने कमी आढळतं. हा कॉलऱ्याचाच परिणाम असावा, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं.

पण कॉलरा रक्तगट बदलून गेला नाही. तो गेला नळाच्या शुद्ध पाण्याने आणि संडासांनी. पाणी दूषित झालं तर कुठल्याच रक्तगटाचा माणूस निर्धास्त राहू शकत नाही.

कुष्ठरोग: ‘घराण्यातला आजार’ या शिक्क्याची किंमत

जनुकांबद्दल अर्धवट बोलल्याने किती नुकसान होतं, याचा सर्वात मोठा धडा कुष्ठरोगाने दिला.

१८४७ मध्ये नॉर्वेतल्या डॅनियल्सन आणि बोएक या नामवंत डॉक्टरांनी हा आजार आनुवंशिक आहे असं मत मांडलं आणि ते जगभर मान्य झालं. १८७३ मध्ये त्याच देशातल्या हॅन्सन यांना रुग्णांच्या ऊतींत जंतू दिसला. त्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर नॉर्वेला गेले होते. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं काढणारे हेच ते कार्टर. मुंबई इलाख्यातल्या रुग्णांचा अभ्यास केलेल्या कार्टर यांनी पुढे हा आजार संसर्गजन्य असल्याची बाजू मांडली.

आजार वंशातला नाही, जंतूमुळे होतो, हे कळलं. पण बहिष्कार गेला नाही. १८९८ मध्ये रुग्णांना वेगळं ठेवण्याचा कायदा झाला आणि तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ मध्ये वगळलं गेलं. दरम्यान दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन अशा संस्था विदर्भात उभ्या राहिल्या, कारण घरांनी दारं लावून घेतली होती.

आता खरी गंमत. आधुनिक विज्ञान सांगतं, की कुष्ठरोगात जनुकांचा वाटा आहे. पण तो जुन्या समजुतीतला नाही. जंतू नसेल तर कुठलंही जनुक कुष्ठरोग करू शकत नाही. आणि जंतू शरीरात गेला तरी सुमारे ९५ टक्के लोकांना आजार होत नाही, कारण त्यांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. उरलेल्यांमध्ये कोण आजारी पडणार आणि आजार कोणतं रूप घेणार, यावर जनुकांचा प्रभाव दिसतो. १९७३ मध्ये भारतातल्या जुळ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सारख्या जुळ्यांत एकाला कुष्ठरोग असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्के होतं. वेगळ्या जुळ्यांत ते २० टक्क्यांच्या आसपास होतं. एचएलएचे काही प्रकार भारतीय रुग्णांत जास्त आढळतात, हेही अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

मात्र यातलं काहीही उपचार बदलत नाही. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि आजार पूर्ण बरा होतो. अंगावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर प्रश्न घराण्याचा नसतो. प्रश्न असतो, किती लवकर दाखवायचं याचा.

कोविड: निअँडरथलचा तुकडा आणि अमरावतीची लाट

२०२० च्या सप्टेंबरमध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी एक खळबळजनक निष्कर्ष मांडला. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा गंभीर कोविडचा धोका वाढवतो आणि हा तुकडा हजारो वर्षांपूर्वी निअँडरथल मानवाकडून आपल्यात आला आहे. दक्षिण आशियात सुमारे ५० टक्के लोकांकडे तो आहे, युरोपात १६ टक्क्यांकडे, पूर्व आशियात जवळपास कोणाकडेच नाही. पाबो यांना पुढे २०२२ मध्ये नोबेल मिळालं.

‘म्हणून भारतात कोविड वाढला’ असं म्हणणं सोपं होतं. तसे मेसेज फिरलेही. पण भारतीय संशोधकांनी, ज्यात सीसीएमबीचे शास्त्रज्ञही होते, २०२१ मध्ये राज्याराज्यांचे आकडे ताडून पाहिले. ज्या राज्यांत हा तुकडा जास्त, तिथे संसर्ग किंवा मृत्यू जास्त, असं काही आढळलं नाही. एका माणसाच्या बाबतीत धोका थोडा वाढवणारं जनुक अख्ख्या राज्याचा फरक समजावून सांगू शकलं नाही.

विदर्भाने तर याचा जिवंत अनुभव घेतला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले आणि पुन्हा लॉकडाऊन लागला. आदल्या सहा महिन्यांत अमरावतीकरांची जनुकं बदलली नव्हती. बदलला होता विषाणू, आणि वाढली होती गर्दी.

मग जिल्ह्याजिल्ह्यातला फरक कशाने पडतो?

बुलढाणा जिल्ह्यानेच अलीकडे याचं एक उदाहरण दिलं, जरी ते संसर्गाचं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. काही दिवसांत टक्कल पडत होतं. आधी बुरशीचा संशय आला, मग पाण्याचा. देशपातळीवरची तज्ज्ञ पथकं आली. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून शरीरात सेलेनियमचं प्रमाण जास्त असल्याचं सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकाच वेळी एकच त्रास होतो, तेव्हा कारण वारशात कमी आणि ताटात किंवा घागरीत जास्त शोधावं लागतं.

संसर्गजन्य आजारांतही हेच दिसतं. क्षयरोगाचं उदाहरण घ्या. त्यातही जनुकांचा वाटा आहे. पण झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला गेला. तेवढ्यानेच त्या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. जनुकं तीच राहिली. डाळ-तांदळाच्या शिध्याने काम केलं.

म्हणून कुठल्याही भागात आजार जास्त दिसला तर शास्त्रज्ञ आधी हे तपासतात: तपासण्या सगळीकडे सारख्याच होतात का? पाणी कुठून येतं? डास कुठे वाढतात? लोक काय खातात? एका खोलीत किती जण झोपतात? लसीकरण किती झालं? दवाखाना किती लांब आहे? या सगळ्यांचा हिशेब लावल्यावर जो फरक उरतो, त्यात जनुकं शोधायची. पहिल्याच पायरीवर ‘रक्तातच आहे’ म्हटलं, की बाकीचे प्रश्न कोणी विचारत नाही. आणि नळ दुरुस्त करण्याची जबाबदारीही कोणावर राहत नाही.

तुम्ही काय करू शकता?

लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करा. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी करून वाहक की रुग्ण हे नक्की कळतं. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट आहे. पत्रिका जुळवण्याइतकाच वेळ या कार्डाला दिला तरी खूप.

वाहक निघालात तर घाबरू नका आणि लपवू नका. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. जोडीदार वाहक नसेल तर मूल सिकलसेलचं रुग्ण होण्याची भीती साधारणपणे राहत नाही. दोघेही वाहक असाल तर मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणातही तपासणीचे पर्याय आहेत.

मलेरियाच्या गोळ्या चालू असताना लघवीचा रंग बदलला तर लगेच सांगा.

‘तुमच्या डीएनएवरून इम्युनिटी ओळखा’ अशा जाहिरातींवर पैसे घालवण्याआधी विचार करा. बहुतेक संसर्गांत शेकडो जनुकांचा वाटा थोडा थोडा असतो. त्यावरून तुम्हाला कोणता आजार होईल हे आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

आणि ‘अमुक समाजाला हा आजार होतोच’ किंवा ‘आपल्याला होतच नाही’ असा मेसेज आला, तर पुढे पाठवू नका. पहिल्या वाक्याने कोणाचं तरी लग्न मोडतं, कोणाला तरी कामावरून काढलं जातं. दुसऱ्या वाक्याने कोणीतरी लस घेत नाही, मच्छरदाणी लावत नाही.

जनुकं निवडता येत नाहीत. गावची पाण्याची टाकी कधी धुतली, हे मात्र पुढच्या ग्रामसभेत विचारता येतं.